तबकडीने पकडलेली चूक : समुपदेशन शिकण्याचा छोटासा इतिहास

समुपदेशनावर संशोधन करायचं ठरवलेल्यांकडून मला एक प्रश्न नेहमी येतो. "समोरासमोरचं समुपदेशन हेच खरं, आणि फोन किंवा व्हिडिओवरचं म्हणजे कोविडमधली तडजोड, असं धरून प्रस्ताव लिहिला तर चालेल का?" माझं म्हणणं, लिहायच्या आधी थोडा इतिहास बघा. समोरासमोर बसून ऐकण्याचं कौशल्य नीट शिकवता येऊ लागलं, तेच मुळी एका यंत्रामुळे.

१९४० पूर्वी हे कसं शिकत असतील, कल्पना करा. विद्यार्थी क्लायंटला भेटायचा, नंतर आठवेल तसं टिपण लिहायचा आणि ते मार्गदर्शकाला दाखवायचा. बंद खोलीत खरंच काय झालं, ते मार्गदर्शकाला फक्त विद्यार्थ्याच्या आठवणीतून कळायचं.

१९४० मध्ये कार्ल रॉजर्स अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात आले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाच्या खोलीत मायक्रोफोन बसवला आणि शेजारच्या खोलीत तबकड्यांवर मुद्रण करणारी दोन यंत्रं. एका तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत भरायची. म्हणून यंत्रं दोन : एकावरची तबकडी बदलेपर्यंत दुसरं चालू. तासभराच्या भेटीसाठी ही कसरत किती वेळा करावी लागली असेल, तुम्हीच हिशोब करा. १९४२ मध्ये रॉजर्स यांच्या पुस्तकात 'हर्बर्ट ब्रायन' या बदललेल्या नावाने एका माणसाच्या आठही भेटी शब्दशः छापल्या गेल्या. वाचक आता समुपदेशकाचं प्रत्येक वाक्य तपासू शकत होता.

या तबकड्यांमधून काय कळलं? रॉजर्स यांचे विद्यार्थी ई. एच. पोर्टर यांनी संवादांचं वर्गीकरण केलं. सल्ला देणारे, दिशा दाखवणारे समुपदेशक क्लायंटच्या कलाने जाणाऱ्यांपेक्षा जवळपास सहापट शब्द बोलत होते. बर्नार्ड कोव्हनर यांनी समुपदेशकांची टिपणं मुद्रणांशी ताडून पाहिली. लिहिलेलं बहुतेक बरोबर होतं, पण न लिहिलेलं त्याहून कितीतरी जास्त होतं. संशोधक म्हणून हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. टिपण खोटं नसतं, अपुरं असतं, आणि अपुरेपणा वाचताना दिसत नाही.

आता दुसरा धागा. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधल्या एका चर्चमध्ये चाड वारा या पाद्रींनी आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' झाली. समुपदेशन आपण करायचं आणि स्वयंसेवकांनी आलेल्यांना चहा द्यायचा, अशी त्यांची कल्पना होती. झालं उलटंच. थांबलेली माणसं चहा देणाऱ्यांशीच बोलायची आणि बऱ्याच जणांना वारांना भेटायची गरजच उरायची नाही. काही महिन्यांतच, १९५४ च्या सुरुवातीला, त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. व्हिडिओही तुम्हाला वाटतो तितका नवा नाही. १९५९ मध्येच नेब्रास्कात सेसिल विटसन यांनी मानसोपचारासाठी दुहेरी दूरचित्रवाणी वापरायला सुरुवात केली होती.

हे दोन धागे १९६८ मध्ये शेजारी आणून ठेवता येतात. ॲलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी 'मायक्रोकौन्सेलिंग' मांडलं : कौशल्याचे छोटे तुकडे करायचे, एकेक तुकडा व्हिडिओवर मुद्रित करायचा, स्वतःला बघायचं आणि पुन्हा करायचं. पहिला तुकडा लक्ष देण्याचा : नजर, बसण्याची पद्धत आणि समोरच्याच्या बोलण्याचा धागा न सोडणं. फोनवर यातलं काय उरतं बघा. नजर गेली, बसणं गेलं. उरला तो धागा आणि तुमचा आवाज.

मराठीत तर यात आणखी एक गंमत आहे. आपलं "हं" म्हणजे "ऐकतोय" की "पटलं"? समोर असताना मान आणि चेहरा उलगडा करतात. फोनवर त्याच "हं"चा अर्थ "समजलं, आता आवरा" असाही होऊ शकतो. आणि फोनवर गप्प राहिलात तर पलीकडून "हॅलो, आहात ना?" येतंच. त्यामुळे दूरस्थ कामात शांत राहणंसुद्धा शब्दांत सांगावं लागतं : "मी ऐकतेय, सावकाश बोला." शिवाय सुरुवातीलाच विचारावं लागतं की आत्ता जवळ कोण आहे, मोकळं बोलता येईल का. दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न औपचारिक नसतो.

आपल्याकडे मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर काम करते आहे. केंद्र सरकारची 'टेलीमानस' (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. म्हणजे आयकॉल तरी कोविडच्या बऱ्याच आधीची. 'तडजोड' हा शब्द प्रस्तावातून काढा, ही माझी विनंती.

आता माझी गोष्ट. प्रशिक्षणात आम्ही जोडीने सरावभेटी मुद्रित करायचो. एका भेटीनंतर मी टिपणात लिहिलं, "मी शांततेला जागा दिली." मुद्रण ऐकलं, तर मैत्रीण थांबल्यावर चार सेकंदांत मी पुढचा प्रश्न टाकला होता. कोव्हनर यांचा निष्कर्ष मी वाचला होता, तरी स्वतःबद्दल तो खरा निघेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या चार सेकंदांच्या आधी मैत्रीण सराव विसरून तिच्या घरातलं खरंच काहीतरी बोलून गेली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तेवढं पुसशील का ग?" माझ्या प्रकरणासाठी ते सगळ्यात चांगलं उदाहरण होतं. पुसलं. संमतीपत्रावर तिची सही होती, तरीही पुसलं. सही भेटीच्या आधीची असते आणि माणूस काय बोलणार हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून शब्दशः छापलेली कुठलीही भेट वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. हे आठवणीतून आलंय की मुद्रणातून? आवाजातलं काय कागदावर उतरलं नाही? आणि बोलणाऱ्याला नंतर "नको" म्हणायची सोय होती का? तिसऱ्याचं उत्तर स्वतःच्या प्रस्तावात आधी लिहा, मग मुद्रणाचं बटण दाबा.