वळिवडे: कोल्हापूरजवळ पोलंडचं अख्खं गाव वसलं होतं

गुहागर-चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून, कराडमार्गे कोल्हापूरला कापड भरायला जाणाऱ्या दुकानदारांना गांधीनगरची बाजारपेठ नवी नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी ती उभी केली. पण त्यांच्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, तिथल्याच वळिवडे छावणीत पोलंडची सुमारे ५ हजार माणसं राहत होती.

पोलंडची माणसं थेट कोल्हापुरात कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला धाडण्यात आलं. तिथे थंडी, उपासमार आणि सक्तीची मजुरी. १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावरच उलटला, तेव्हा कुठे स्टॅलिनने या लोकांची सुटका मान्य केली. पुरुष नव्या पोलिश सैन्यात भरती झाले. बायका, मुलं, म्हातारी माणसं १९४२ मध्ये त्या सैन्याबरोबर इराणात पोचली. तिथून बोटीने कराची आणि पुढे रेल्वेने कोल्हापूर.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये इथे हमखास घोळ होतो. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला आसरा दिला, तो अनाथ आणि आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांना. वळिवडेची छावणी वेगळी होती, ती कुटुंबांची होती. जागा कोल्हापूर संस्थानातली, पण खर्च लंडनमधल्या पोलंडच्या निर्वासित सरकारचा. सगळं श्रेय एकाच राजाला देणाऱ्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, एवढंच.

छावणी म्हटलं की तंबू डोळ्यासमोर येतात. इथे मात्र बराकींच्या रांगा होत्या. कुटुंबागणिक खोल्या, पोलिश भाषेतल्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं. बायका बाजारहाट करून स्वतःच्या चुलीवर रांधायच्या. सैबेरियात एका भाकरीसाठी झुरलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

खरा पेच युद्ध संपल्यावर पडला. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता, म्हणजे अनेकांचं गाव आता पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. त्यात जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा भार आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेला. काही कुटुंबं पोलंडला परतली. बरीचशी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. एखादी मुलगी कोल्हापुरातच लग्न करून राहिली. काहींच्या कबरी इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश कुटुंबांचं स्मारक आहे. पोलंडची राजधानी वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे आदरांजली वाहिली.