कर्ण्यामागचा कारागीर

जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकून आजचे पुष्कळ रसिक निराश होतात. ज्या नांवाभोंवतीं एवढ्या आख्यायिका, त्याचें गाणें तें एवढेंच काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत येतो. आवाज चिरका, लय घाईची, तंबोरा जवळजवळ नाहींसा, आणि रंग भरूं लागतो न लागतो तोंच गाणें संपतें! यावर कोणी म्हणतो, आपले वाडवडील भाबडे होते. कोणी म्हणतो, यंत्रानें घात केला. माझ्या मतें हे दोन्ही निकाल घाईचे आहेत. कारण गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें एक तिसरा माणूस उभा होता, व त्याची साक्ष सहसा कोणी काढीत नाहीं. तो माणूस म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा कारागीर. श्रोतेहो, आज त्याचीच हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

एडिसननें १८७७ सालीं आवाज पकडून पुन्हा ऐकविणारें यंत्र सिद्ध केलें. त्यांत आवाज नळकांड्यावर उमटे. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें ग्रामोफोनचें पेटंट घेतलें, आणि पुढें त्याची सपाट तबकडी प्रचारांत आली. तिचा साचा करून एकाच गाण्याच्या हजारों प्रती काढतां येत. त्यामुळें धंदा वाढला, आणि त्या धंद्याचे दूत आवाज गोळा करीत देशोदेशीं हिंडूं लागले. त्यांपैकीं फ्रेड गायस्बर्ग यानें १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मेणावर उतरवून घेतलें. त्या वेळीं तबकड्या काढण्याचा कारखाना हिंदुस्थानांत नव्हता. मुद्रण येथें होई, तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत, आणि मग त्या समुद्रमार्गें परत येत. गाण्याच्या शेवटीं गौहरजान इंग्रजींत आपलें नांव पुकारतात, त्याची आज मौज वाटते. परंतु परदेशच्या कामगारांस गाणें ओळखतां यावें व चिठ्ठी लावतांना घोटाळा होऊं नये, हा त्यांतील व्यवहार होता. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां हा फेरा चुकला.

आतां मुद्रण कसें होत असे तें पाहूं. खोलींत विजेचा संबंध नव्हता. गाणाऱ्यासमोर एक मोठा कर्णा असे. त्याच्या निमुळत्या टोकाशीं पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखालीं फिरणारी मऊ मेणाची जाड चकती. गाणाऱ्याच्या आवाजानें पडदा थरथरे, आणि ती थरथर सुई मेणांत कोरी. सुईला हलविणारें बळ काय तें गळ्याचें आणि वाद्यांचें. आवाज वाढविण्याचें साधन नाहीं, खोडण्याचें नाहीं, जोडण्याचेंही नाहीं. मेण वाजवून पाहावें, तर त्यावरील रेषा बिघडत. म्हणून कारागिराचें सारें कौशल्य गाणें सुरू होण्यापूर्वींच खर्ची पडे. मेण किती ऊन ठेवावें, कोणता पडदा लावावा, कोणास कर्ण्याजवळ बसवावें व कोणास दूर, हें सर्व तो कानानें आणि अनुभवानें ठरवी. गाणारा तारसप्तकांत चढला, की त्यास मागें सरकावें लागे. नाहीं तर सुई उसळून सर्व श्रम वायां जात.

एवढें करूनही कर्ण्याचा कान अपुराच होता. खर्जाचे स्वर आणि आवाजांतील अगदीं बारीक अंश त्याला पकडतां येत नसत. मोकळा, धारदार आवाज चांगला उमटे. तंबोऱ्याचा गुंजारव मात्र हरवून जाई. तेव्हां तंबोरा ऐकूं येत नाहीं, म्हणून तो तेथें नव्हता असें समजूं नये.

दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. मैफलींत तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत मांडावयाचा म्हणजे आलापाला कात्री लावून बंदिशीवर आणि तानांवर भर देणें आलेंच. ही काटछाट सर्वांनाच साधणारी नव्हती. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपणांपाशीं नाहीं.

आणि तिसरी गोष्ट गतीची. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे हें प्रमाण पुढें हळूहळू स्थिर झालें. आरंभींच्या पुष्कळ तबकड्या कमीअधिक गतीनें मुद्रित झालेल्या आहेत. सावकाश गतीनें घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरानें फिरविली, तर स्वर चढतो आणि लय धांवते. जो चिरकेपणा व जी घाई आपण गाणाऱ्याच्या पदरीं बांधतों, ती कित्येकदां आपल्याच यंत्राची असते.

१९२५ सालीं अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांनीं विजेचें मुद्रण स्वीकारलें, आणि लवकरच तें सर्वत्र पसरलें. कर्णा गेला, मायक्रोफोन आला. हलका आवाजही आतां मेणापर्यंत पोहोंचूं लागला. अब्दुल करीम खांसाहेबांचें गाणें कर्ण्याच्या काळींही मुद्रित झालें होतें, आणि पुन्हा १९३७ मधील त्यांच्या मृत्यूपूर्वीं थोडीं वर्षें विजेच्या यंत्रावरही. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावींत. मधल्या काळांत गळा आणि गायकी दोन्ही बदललीं, हें खरें. पण दुसऱ्या वेळीं तंबोरा ऐकूं येतो, स्वराभोंवतींचा अवकाश कळतो. हें श्रेय एकट्या वयाचें नव्हे.

पुढें १९३५ सालीं बर्लिनमध्यें चुंबकीय फितीचें यंत्र लोकांपुढें आलें. महायुद्धानंतर तें जगभर गेलें, आणि कारागिराच्या हातीं नवी सत्ता आली. फीत कापतां येते, जोडतां येते. गळा एका दिवशीं व वाद्यें दुसऱ्या दिवशीं घेतां येतात. आज तर गणकयंत्रावर बेसूर स्वरही सुरांत बसवितां येतो. कर्णा पुष्कळ गाळी, पण जें नव्हतें तें गळ्यांत घालीत नसे. आजचें यंत्र फारसें कांहीं गाळत नाहीं; मात्र काय घातलें, हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं. कारागिराचें नांव जुन्या तबकडीवर बहुधा नसेच. परंतु त्याच्या सचोटीवर आपली भिस्त तेव्हांपेक्षां आज अधिक आहे.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरील निवडक संगीत अंतराळांत धाडलें. त्यांत गोमंतकांत जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ती आहे सुमारें साडेतीन मिनिटांची. तेव्हां जुनी तबकडी हातीं आली, तर आधीं तिची गति सुराशीं ताडून पाहावी, न ऐकूं येणारा तंबोरा मनांत लावावा, आणि मगच त्या गवयाविषयीं मत बनवावें. इतका न्याय त्या गवयालाही मिळाला पाहिजे, आणि कर्ण्यामागें उभ्या असलेल्या त्या निनांवी माणसालाही.