सान लोरेन्झोची खोली

शहरातल्या कुठल्याही गल्लीत ‘मॉन्टेसरी’ ही पाटी दिसली, की आईबापांच्या मनात पहिला विचार येतो तो फीचा. मात्र हा शब्द ज्या खोलीतून जगभर गेला, ती खोली मजुरांच्या वस्तीत होती आणि तेथे फी नव्हती.

रोममधील सान लोरेन्झो भागात १८८४ ते १८८८ या काळात सट्टेबाजांनी घाईघाईने भाड्याच्या इमारती उठविल्या. पुढे बँका बुडाल्या, बांधकामे अर्धवट राहिली आणि त्या उघड्या सांगाड्यांत बेघर माणसे शिरली. कालांतराने एका गृहसंस्थेने या इमारती घेऊन दुरुस्त केल्या व गरीब कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, थोरली भावंडे शाळेत. मागे उरलेली चिमुरडी जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळले, तर दुरुस्तीचा खर्च वाचेल व त्यातच खोलीचा खर्च भागेल, असा संस्थेचा रोकडा हिशेब होता. एवढ्या मोठ्या शिक्षणविचाराचे मूळ रंगसफेदीच्या खर्चात सापडावे, याची आम्हांस मौज वाटते.

संचालक एदोआर्दो तालामो यांनी हे काम डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभुप्रकटनाच्या सणादिवशी, व्हिया देई मार्सी येथील ५८ क्रमांकाच्या इमारतीत सुमारे ५० मुलांचे ‘बालकांचे घर’ उघडले. त्या दिवशीच्या मिस्सेतील यशयाचा उतारा बाईंनी तेथे वाचला. शाळेचे बाक घेण्यास पैसा नव्हता. कचेरीला लागते तेवढे सामान मिळाले.

नियम थोडेच होते. मूल स्वच्छ असावे, आईने आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटावे आणि शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे. आमच्या मते हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. शिक्षिका शेजारीण असली, की आईला दारातून डोकावण्याचा संकोच वाटत नाही.

१९०८ च्या मेस्सिना भूकंपात अनाथ झालेल्या बालकांसाठी रोममध्येच मरियेच्या फ्रान्सिस्कन मिशनरी भगिनींनी ही पद्धती आपल्या मठात स्वीकारली. मराठी मुलखात ती रुजविली ताराबाई मोडक यांनी. १९३६ साली दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले. पण १९४५ नंतर बोर्डीस त्यांना निराळाच अनुभव आला. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी कागदावर आला. पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती. आमच्या घरची मुले पाटीवाल्या बालवर्गात गेली. कोपऱ्यावरच्या अंगणवाडीचा उंबरा आम्ही कधी ओलांडला नाही. तेथे फी नसते. सेविका त्याच वस्तीतली रहिवासी असावी, अशी तेथेही अट आहे.