इशीचा बाण आणि डॉक्टरांची कानस

बाण कशाने मारतो असे विचारले, तर आपण सहज म्हणू, वेगाने. बंदुकीच्या गोळीविषयी हे पुष्कळसे खरे आहे, बाणाविषयी नाही. बाण चिरतो, आणि जनावर रक्तस्रावाने कोसळते. म्हणून शिकारी बाणाच्या रुंद पात्याची सारी किंमत त्याच्या धारेत असते. विसाव्या शतकातील अमेरिकेला हे ज्ञान ज्याच्याकडून मिळाले, त्या माणसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी, कत्तलखान्याजवळ, एक उपाशी मनुष्य सापडला. याही जमातीचा तो अखेरचा वंशज. गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८६० नंतरच्या दशकात त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या होत्या. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. त्याच्या भाषेत 'इशी' म्हणजे माणूस, तेच त्याचे नाव झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. तेथील शल्यवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप हे प्रथम त्याचे वैद्य आणि मग त्याचे शिष्य झाले.

इशी ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, प्रसंगी बाटलीच्या काचेचीही पाती करी. टोकदार हत्याराने दाब देऊन तो कडेच्या बारीक कपच्या उडवी. पोपांनी पुढे एक प्रयोग केला. खोक्याला हरणाचे कातडे लावून आत गुरांचे यकृत भरले आणि त्यावर दोन्ही प्रकारचे बाण सोडले. पोलादी पात्यापेक्षा काचेचे पाते ८ इंच अधिक खोल गेले! अश्मयुगीन म्हणून ज्याला हसावे, ते पोलादाला वरचढ ठरले.

परंतु काच ठिसूळ असते. पोलाद टिकते, मात्र भात्यात एकमेकांवर घासून आणि दमट हवेने त्याची धार जाते. म्हणून धनुर्धराला ती हाताने लावावी लागते. कानस एकाच कोनात धरून आधी एक बाजू घासायची, पलीकडे पातळ कोर वळली की दुसरी बाजू. मग दगड, आणि शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तसा चामड्याचा पट्टा. हातावरचे केस सहज उतरले म्हणजे पाते तयार झाले.

एवढा खटाटोप का? बोथट पाते रक्तवाहिनीला बाजूस सारते किंवा फाडते. फाटलेली वाहिनी आकसते, रक्त लवकर गोठते. जनावर निसटते आणि रानात तडफडत राहते. धारदार पात्याने सरळ छेदलेली वाहिनी वाहत राहते, आणि मरण लवकर येते.

इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. १९२० मध्ये पोप व त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी यलोस्टोनच्या रानात संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वले धनुष्यबाणाने मारली. १९२३ मध्ये पोपांचे धनुर्विद्येवरील पुस्तक निघाले, आणि त्यातून अमेरिकेत ही विद्या पुन्हा रुजली.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा छंद राहिलेला नाही, आणि ते योग्यच झाले. तथापि एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या समाजाने इशीचे सारे गणगोत मारले, त्याच समाजातील एका डॉक्टरला त्याने आपली विद्या हातचे न राखता दिली. जनावराचा जीव घेतानाही त्याला यातना कमी व्हाव्यात, ही काळजी त्या विद्येतच होती.