कोवळ्या ज्वारीचे विष आणि गंधकयुक्त ॲमिनो अम्ले

धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे ठाणे म्हणून प्रसिद्ध आहे. तो सारा मुलूख अवर्षणप्रवण असून माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा ही दोन्ही तेथे ज्वारीच पुरविते. परंतु वाळल्यावर गुरांचा आधार होणारी हीच ज्वारी कोवळेपणी, विशेषतः पाण्यावाचून खुरटली असता किंवा कापणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटली असता, त्यांचा प्राण घेऊ शकते. दुष्काळात पुष्कळदा रानात तेवढाच हिरवा चारा उरतो. म्हणून या विषाच्या संशोधनाचा इतिहास शेतकऱ्याच्या गोठ्याशी निगडित आहे.

या इतिहासाचा पहिला महत्त्वाचा टप्पा १९०२ हा होय. डन्स्टन व हेन्री या ब्रिटिश रसायनज्ञांनी त्या वर्षी ज्वारीच्या कोवळ्या रोपांतील विषजनक ग्लुकोसाइडाचे वर्णन केले आणि ज्वारीच्या 'धुर्रा' या अरबी नावावरून त्यास 'धुरिन' ही संज्ञा दिली. पान चघळले जाताच त्यातीलच विकरांमुळे धुरिनाचे विघटन होऊन हायड्रोसायनिक अम्ल मुक्त होते. ते पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरास निष्क्रिय करते. परिणामी रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

मग अल्प प्रमाणात विष पोटात गेलेले जनावर तगते कसे? १९३३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कोनराड लांग यांनी प्राण्यांच्या ऊतकांतील ऱ्होडॅनीज या विकराचे कार्य दाखवून दिले. हे विकर सायनाइडास गंधक जोडून त्याचे पुष्कळ सौम्य असे थायोसायनेट बनविते व ते मूत्रावाटे निघून जाते. हा गंधक शरीरास प्रामुख्याने मेथिओनीन व सिस्टीइन या ॲमिनो अम्लांपासून लाभतो. सिस्टीइनचे जोडरूप असलेले सिस्टीन सायनाइडाशी प्रत्यक्ष संयोग पावून त्यास बांधून टाकते, हे वुड व कूली यांनी १९५६ मध्ये मांडले. पुढे १९६२ मध्ये कॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीचे रोप धुरिन घडविते ते टायरोसीन या ॲमिनो अम्लापासूनच, असे सिद्ध केले. वनस्पतीचे शस्त्र आणि प्राण्याची ढाल ही दोन्ही अशा रीतीने एकाच कुळातील ठरतात.

तथापि या ढालीस मर्यादा आहे. विष वेगाने भिनले तर गंधकाचा पुरवठा अपुरा पडतो. आणि निकृष्ट चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराजवळ तो आधीच तोकडा असतो. संकट मोठे तेव्हाच संरक्षण दुबळे, अशी ही अवस्था होय. सोडियम नायट्राइटाबरोबर टोचले जाणारे सोडियम थायोसल्फेट हीच गंधकाची उणीव तातडीने भरून काढते. फुलोऱ्यापूर्वी ज्वारीत गुरे न सोडण्याचा आणि धाटे वाळवून कडबा घालण्याचा नेम ज्याने पाळला, त्याच्या गोठ्यावर मात्र ही टोचणी शोधण्याची वेळ सहसा येत नाही.