आधी झालं, म्हणून झालं?

पवनी तालुक्यातलं कोंढा हे माझं गाव. घरात भाच्याची स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. परवा त्यानं सरावाचा एक प्रश्न वाचून दाखवला. ‘गावात दवाखाना उघडला. त्याच वर्षी मृत्यूंची नोंद वाढली. म्हणून दवाखान्यामुळे माणसं मेली. या युक्तिवादात चूक कोणती?’ मी साधा बी.ए., त्यातून कवितेचा माणूस. पण मला मुंबईचा प्लेग आठवला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग्यांना आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलं जाऊ लागलं. त्यातले बरेच परत आले नाहीत. लोकांनी अर्थ लावला, तिथं नेतात म्हणून माणूस मरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. त्यांना हसू नये. घरचं माणूस नेलं जातं आणि परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चूक एवढीच, की जो आधीच मरणाच्या दारात होता, त्यालाच तिथं नेलं जात होतं.

मग खरं कारण ओळखायचं कसं? त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घ्यायला तयार झाले, त्याहून थोडे अधिक राहिले. भिंती त्याच, भाकरी तीच, पाणी तेच. ज्यांना त्याच दिवशी आजार दिसू लागला होता त्यांना वगळलं, तर लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, दगावला कुणीच नाही. न घेतलेल्यांत बारा आजारी पडले, सहा दगावले. हट्टी परीक्षक इथंही विचारील, पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट नसतील कशावरून? विचारावंच. पण ज्यांना लस नव्हती त्यांचं काय झालं, हे इथं निदान पाहिलं गेलं.

हाफकिन यांच्या वाट्याला मात्र उलटा न्याय आला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. पण बाटल्या पाच होत्या आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतले. बाकी चार बाटल्यांच्या ८८ जणांना काही झालं नाही. म्हणजे लस हे कारण नव्हे, त्या एका बाटलीत काय शिरलं हा प्रश्न. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठवला, तेव्हा १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. मधली पाच वर्षं कुणी परत केली नाहीत.

मीही एकदा असा चुकलो आहे. १९९५ नंतर पल्स पोलिओची मोहीम निघाली, तेव्हा मी घरोघरी फिरायचो. शेजारच्या खाला म्हणाल्या, “मागं डोस पाजला अन् रात्री नातवाला ताप भरला. आता नको.” मी त्यांना अडाणी म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं. विचारायला हवं होतं, “खाला, त्या आठवड्यात डोस न घेतलेली किती पोरं तापली?” त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं असतं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, पण माझं ते बोलणं बरोबर ठरलं नाही.

भाच्यानं थोडा विचार केला. म्हणाला, “मामू, आधी कुणी नोंदच करत नसेल. दवाखाना आला, म्हणून नोंद झाली.” उत्तर बरोबर होतं. मग मी त्याला खालांची गोष्ट सांगितली.