साखरेचा माग आणि यकृताचा कर्करोग

श्वसनाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर ग्लुकोजच्या दोन वाटा काढून दाखवतो. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजचं पूर्ण ज्वलन होतं आणि एका रेणूमागे एटीपीचे ३८ रेणू मिळतात (हा पाठ्यपुस्तकातला आकडा, आताची मोजमापं ३० ते ३२ च्या आसपास सांगतात). ऑक्सिजन नसेल तर प्रवास अर्ध्यावर थांबतो, लॅक्टिक आम्ल बनतं आणि हाती एटीपीचे दोनच रेणू लागतात. जोरात धावताना स्नायूंत हेच होतं, असं सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण ऑक्सिजन भरपूर असतानाही एखादी पेशी दुसऱ्याच, तोट्याच्या वाटेनं गेली तर?

असा तोट्याचा व्यवहार करणाऱ्या पेशी शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या डालेम भागातल्या एका प्रयोगशाळेत सापडल्या. तिथे ओट्टो वॉर्बुर्ग पेशींचं श्वसन मोजत होते. १९०८ साली त्यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यांवर प्रयोग केले होते. अंडं फलित झालं की त्याचा ऑक्सिजनचा वापर सुमारे सहापट वाढतो, असं त्यांना दिसलं होतं. वेगानं वाढायचं तर जास्त ऊर्जा हवी, जास्त ऊर्जेसाठी जास्त ऑक्सिजन हवा. मग कर्करोगाच्या गाठीतही तेच दिसायला हवं. १९२३ च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप काढून ते बंद चंबूत ठेवले आणि चंबूला दाबमापक जोडला. लॅक्टिक आम्ल तयार झालं की द्रावणातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दाब वाढतो. इतकं साधं तंत्र, पण त्यातून निघालेलं उत्तर अपेक्षेच्या उलट होतं. ऑक्सिजनचा वापर फारसा वाढलेला नव्हता. मात्र चंबूत ऑक्सिजन असूनही लॅक्टिक आम्लाचा जणू पूर आला होता.

चंबूतलं जिवंत प्राण्यात घडतं का, हे १९२५ साली अमेरिकेतल्या बफेलो इथे कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानं तपासलं. त्यांनी एकाच पंखात गाठ असलेल्या कोंबड्या घेतल्या आणि दोन्ही पंखांकडून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त होतं. आम्हाला हा प्रयोग फार आवडतो. त्यात कोंबडीचा दुसरा पंखच तुलनेसाठी वापरला आहे, नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

निरीक्षण पक्कं झालं. वाद झाला तो त्याच्या अर्थावरून. वॉर्बुर्ग यांचं म्हणणं असं की, पेशीची श्वसनयंत्रणा बिघडते, नाइलाजानं ती साखर आंबवून जगते आणि हाच कर्करोगाचा उगम. १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे ठामपणे मांडलं. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात सिडनी वाइनहाउस यांनी त्याला हरकत घेतली. त्यांनी किरणोत्सारी कार्बनच्या मदतीनं दाखवून दिलं होतं की, गाठीतल्या पेशींचं श्वसन चालू असतं. पण वॉर्बुर्ग बधले नाहीत. १९३१ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठीच मिळालं होतं. १९७० साली निधन होईपर्यंत ते आपल्या मतावर ठाम राहिले.

हा वाद पुढे सरकला तो यकृतामुळे. शरीरातल्या बाकीच्या पेशी साखरेचे गिऱ्हाईक, तर यकृत हे साखरेचं कोठार. जेवणानंतर ते ग्लुकोज घेऊन ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, उपाशीपोटी तेच परत रक्तात सोडतं. पेशीत आलेल्या ग्लुकोजवर एक विकर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसला की ग्लुकोजला बाहेर पडता येत नाही. बहुतेक पेशींत हे काम हेक्झोकायनेज करतं आणि रक्तात अगदी थोडी साखर असली तरी ते पूर्ण वेगानं चालतं. यकृतात मात्र ग्लुकोकायनेज नावाचा त्याचा संथ भाऊ असतो. रक्तातली साखर १४० मिलिग्रॅमच्या आसपास गेली तेव्हा कुठे तो निम्म्या वेगापर्यंत पोचतो. म्हणजे साखर मुबलक असेल तेव्हाच यकृत ती उचलतं. शिवाय शिक्का पुसून ग्लुकोज बाहेर सोडणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकरही यकृतात भरपूर असतं.

हॅरॉल्ड मॉरिस यांनी उंदरांच्या यकृतातल्या गाठींचे अनेक वाण तयार केले होते. काही अगदी सावकाश वाढणारे, काही झपाट्यानं. वाइनहाउस यांनी ते ओळीनं तपासले. सावकाश वाढणाऱ्या गाठींत लॅक्टिक आम्लाचा पूर नव्हताच. तरी त्या कर्करोगाच्याच गाठी होत्या! तेव्हा ज्याच्याशिवाय कर्करोग होऊ शकतो, ते त्याचं मूळ कारण कसं असेल? झपाट्यानं वाढणाऱ्या गाठींत मात्र ग्लुकोकायनेज नाहीसं होऊन त्याच्या जागी हावरं हेक्झोकायनेज आलेलं होतं. गर्भातल्या यकृतातही ग्लुकोकायनेज नसतं, हेक्झोकायनेजच असतं. म्हणजे गाठीनं काही नवं शोधलं नव्हतं. जन्मानंतर मिटलेलं पान तिनं पुन्हा उघडलं होतं. १९७२ सालच्या आपल्या लेखात वाइनहाउस यांनी याकडे जनुकांच्या विसंगत अभिव्यक्तीचा प्रश्न म्हणून पाहिलं. वॉर्बुर्ग यांचं कोडं इथे जनुकशास्त्राच्या अंगणात आलं.

हे पान उघडतं कोण? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर पीडरसन यांच्या गटानं १९७७ साली दाखवलं की, यकृताच्या कर्करोगपेशीत हेक्झोकायनेज तंतुकणिकेला चिकटून बसतं. तिथे तयार होणारं एटीपी त्याला हाताशी मिळतं. १९९० नंतर याच गटानं हेक्झोकायनेज-२ च्या जनुकाची कळ, म्हणजे ते चालू-बंद करणारा डीएनएचा भाग, तपासली. पी-५३ या जनुकात उत्परिवर्तन झालं की त्यापासून बनणारं बदललेलं प्रथिन ही कळ दाबतं, असं १९९७ साली दिसून आलं. त्याआधी १९९२ साली ग्रेग सेमेन्झा यांना यकृताच्या कर्करोगातूनच वाढवलेल्या पेशींमध्ये एचआयएफ-१ हे प्रथिन सापडलं. ऑक्सिजन कमी पडला की ते साखर तोडणारी अनेक जनुकं एकदम जागी करतं. सेमेन्झा यांना २०१९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पी-५३ चा यकृताशी संबंध जुना आणि घातक आहे. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर, मक्यावर अस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या तीव्र विकारानं दगावली. वर्षानुवर्षं थोडं थोडं विष पोटात गेलं तर परिणाम वेगळा होतो. १९९१ साली चीनमधल्या चिडुंग भागातल्या आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा पी-५३ मध्ये एकाच ठिकाणी, २४९ व्या सांकेतिक त्रयीत, तोच बदल पुन्हा पुन्हा आढळला. जणू विषानं आपली सही मागे ठेवली होती. (यकृताच्या कर्करोगाची इतर मोठी कारणं म्हणजे हेपटायटिस बी आणि सी, दारू आणि यकृतातली चरबी.)

आणि आता गंमत पाहा. २००६ साली कळलं की निरोगी पी-५३ पेशीतल्या एससीओ-२ या प्रथिनाचं प्रमाण टिकवतं, आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर जुळवायला हे प्रथिन लागतं. पी-५३ गेलं की श्वसन मंदावतं आणि पेशी साखरेकडे झुकते. सायटोक्रोम ऑक्सिडेज हेच वॉर्बुर्ग यांना नोबेल मिळवून देणारं श्वसनविकर! श्वसन बिघडू शकतं, हे त्यांचं म्हणणं काही गाठींपुरतं खरं निघालं. फक्त त्या बिघाडामागे जनुक होतं.

अंडं आधी की कोंबडी, याचं उलट उत्तरही यकृतातच मिळतं. १९५२ साली कोरी दांपत्यानं फॉन गिर्के या आनुवंशिक रोगात शिक्का पुसणारं ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसतं हे दाखवून दिलं. अशा मुलांचं यकृत ग्लायकोजेननं फुगतं आणि उपाशी राहिल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. त्याचं जनुक १९९३ साली हाती आलं. उपचारांमुळे ही मुलं मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या यकृतात गाठी आढळल्या आणि काही गाठी पुढे कर्करोगात बदलल्या. इथे साखरेचा बिघाड आधी, गाठ नंतर.

आज पेट तपासणीत रुग्णाला किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज देतात. ते शरीरात जिथे अडकतं तो भाग चित्रात उजळतो. भारतात हे यंत्र पहिल्यांदा २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. पुष्कळ कर्करोगांत ते उत्तम काम करतं, पण यकृताच्या सावकाश वाढणाऱ्या गाठी त्यात बऱ्याचदा दिसतच नाहीत. त्यांच्यात शिक्का पुसणारं विकर अजून शिल्लक असतं, त्यामुळे खूण लावलेली साखर निसटून जाते. मॉरिस यांच्या उंदरांमध्ये दिसलेला फरक इथे माणसाच्या चित्रात दिसतो.

औषधाची आशाही याच फरकावर आहे. हेक्झोकायनेज-२ गाठीत असतं, निरोगी यकृतपेशीत जवळजवळ नसतं. २०१८ साली शिकागोतल्या संशोधकांनी उंदरांच्या यकृतातून त्याचं जनुक काढून टाकलं, तेव्हा गाठी कमी झाल्या. माणसासाठी असं औषध अजून दवाखान्यात पोचलेलं नाही.

तोवर घरोघरी मात्र वेगळाच उपाय चालतो: ‘कॅन्सर साखरेवर जगतो, म्हणून साखर, भात, फळं सगळं बंद.’ पालकांपैकी कोणी शाळेत हे विचारलं, तर शिक्षकांना नेमकं उत्तर देता यावं असं आम्हाला वाटतं. हावऱ्या हेक्झोकायनेजला रक्तातली थोडी साखरही पुरते, आणि ताटातली साखर तोडली तरी रक्तातली संपत नाही. ग्लायकोजेन सरलं की शरीर स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. यकृताच्या कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांना आधीपासून सिऱ्होसिस असतो आणि त्यांच्या कोठारात साठाच थोडा असतो. एका रात्रीच्या उपासातही त्यांचे स्नायू झिजू लागतात. म्हणून डॉक्टर अशा रुग्णांना रात्री झोपण्यापूर्वी थोडं पिष्टमय काहीतरी खायला सांगतात.